मोटारीची दुसरी किल्ली

कुलूप आणि किल्ली ही जोडी जन्माची असली तरी मराठीत त्यांची कुळे निराळी आहेत. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'पासून फारशीच्या वाटेने आपल्याकडे आला. 'चावी' आपण पोर्तुगिजांकडून घेतली. आणि आपल्या भोपाळात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की कुलपाचा 'ताला' व चावीची 'चाबी' होते. नाव काहीही असो, वस्तू सर्वांच्या ओळखीची: पितळेचा किंवा लोखंडाचा तुकडा, त्यास दाते, आणि दाते जुळले की कुलूप उघडते. किल्ली हरवली तर जुमेरातीतल्या किंवा चौकातल्या चाबीवाल्यासमोर उकिडवे बसावे, त्याने कोऱ्या किल्लीवर कानस चालवावी, आणि चहा थंड होण्यापूर्वी काम आटोपावे.

घराच्या कुलपापुरता हा व्यवहार अजून चालू आहे. मोटारीच्या बाबतीत तो केव्हाच संपला. परंतु ही गोष्ट चांगल्या सुशिक्षित कुटुंबांसही किल्ली हरवल्यानंतरच कळते. आपल्या ट्रस्टच्या सभासदांपैकी पुष्कळांच्या दारी आज मोटार आहे, ट्रस्टची स्वतःची रुग्णवाहिका आहे. म्हणून महोत्सवी स्मरणिकेसाठी 'घरगुती उपयोगाचे काही लिहा' अशी सूचना आली तेव्हा आम्ही हा विषय घेतला.

प्रथम एका नेहमीच्या तक्रारीपासून सुरुवात करू. बाजारातून हुबेहूब किल्ली करून आणली. ती दाराला लागते, स्टिअरिंगजवळच्या कुलपात फिरते, इंजिन घरघरते, क्षणभर चालू झाल्यासारखे वाटते आणि लगेच बंद पडते. समोरच्या तक्त्यावर एक लहान दिवा लुकलुकत राहतो. मालक म्हणतो, किल्ली नीट घासली नाही. बिचारा चाबीवाला पुन्हा कानस घेतो. वस्तुतः किल्ली उत्तम घासलेली असते. गाडीने तिला ओळखलेले नसते, एवढेच.

याचे कारण असे की आजच्या मोटारीची किल्ली दिसायला एक असली तरी एका खोक्यात तीन स्वतंत्र वस्तू नांदत असतात. एक, धातूचे पाते. ते दार उघडते व कुलूप फिरवते. दुसरी, बटणे दाबून दूरवरून दार उघडझाक करणारा रिमोट; त्याला नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल लागतो. आणि तिसरी, तांदळाच्या जाडशा दाण्याएवढी काचेची नळी किंवा काळी चौकोनी वडी. तिला सेल लागत नाही, ती बटणास जोडलेली नसते, बहुतेकांना तिचे अस्तित्वही ठाऊक नसते. आणि इंजिन चालू होणे न होणे सर्वस्वी तिच्यावर अवलंबून असते. तिला ट्रान्सपॉण्डर म्हणतात. साध्या भाषेत चिप म्हणू.

ही चिप सेलाविना बोलते कशी? शाळेच्या प्रयोगशाळेत तारेची दोन वेटोळी शेजारी ठेवून एकात बदलता विद्युत्प्रवाह सोडला की दुसऱ्यात आपोआप प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले हे तत्त्व. मोटारीत किल्लीच्या छिद्राभोवती असेच एक वेटोळे बसवलेले असते व चिपमध्ये दुसरे, केसाएवढ्या तारेचे. किल्ली घातली की पहिल्या वेटोळ्यातून बहुधा सेकंदाला सव्वा लाख आंदोलने या गतीने प्रवाह वाहतो. तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी गाडी चालू होते. तसेच, फुटलेले प्लास्टिकचे खोके बदलून नवे घालताना पाते व रिमोटची पट्टी आठवणीने काढली जाते, पण खोक्याच्या कोपऱ्यात चिकटवलेली ती वडी जुन्या खोक्याबरोबर केरात जाते. मग नवी चकचकीत किल्ली घेऊन मालक गाडीपुढे हतबुद्ध उभा! हा प्रकार आम्ही एकाहून अधिक घरी पाहिला आहे. खोके बदलावयाचे असेल तर जुने खोके गाडी चालू होईपर्यंत टाकू नये.

गाडीच्या बाजूने ही ओळख तपासणारे जे यंत्र असते त्यास इमोबिलायझर म्हणतात; गाडीस जागच्या जागी खिळवून ठेवणारा, असा त्याचा अर्थ. शिक्षकाच्या पेशातला दाखला द्यायचा तर, त्याच्याजवळ एक हजेरीपट असतो. गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा त्या पटावर बहुधा दोन किल्ल्यांची नावे असतात. पटावर ज्याचे नाव नाही त्याने गणवेश कितीही बेमालूम शिवून आणला तरी इंधन व ठिणगी यांची वाट मोकळी होत नाही. आरंभीच्या चिपा आपला ठराविक क्रमांक तेवढा सांगत; कोणी तो ऐकून ठेवला तर नक्कल करणे सोपे. नंतरच्या अधिक सावध निघाल्या. आता गाडी दर वेळी एक नवी यादृच्छिक संख्या देते; चिप ती आपल्या पोटातल्या गुप्त अंकाशी विशिष्ट रीतीने गुंतवून उत्तर देते; गाडी स्वतः तेच गणित करून ताळा पाहते. गुप्त अंक उघड्यावर कधी बोललाच जात नाही. हे सारे पापणी लवण्याच्या आत उरकते.

धातूऐवजी जुळणीवर उघडणारे कुलूप ही कल्पना मात्र नवी नाही. अल्-जझरी या थोर यंत्रकाराने १२०६ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ग्रंथात चार चकत्या फिरवून अक्षरे जुळवली असता उघडणाऱ्या पेटीच्या कुलपाचे वर्णन आहे. मोटारीत ही कल्पना शिरली ती चोरांच्या उपद्रवामुळे. युरोपात गाड्यांच्या चोऱ्या बेसुमार वाढल्या तेव्हा तेथे १९९८ पासून नव्या मोटारींत इमोबिलायझर सक्तीचा झाला. कॅनडाने तो २००७ साली सक्तीचा केला. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तिचा परिणाम अलीकडे दिसला. किया आणि ह्युंदाई या कंपन्यांच्या २०११ ते २०२१ या काळातील अनेक स्वस्त गाड्या अमेरिकेत इमोबिलायझरविना विकल्या गेल्या होत्या. पोरांनी कुलपाचे कवच फोडून यूएसबी केबलच्या टोकाने आतली खिट्टी फिरवावी व गाडी पळवावी, असा प्रकार सुरू झाला. त्याच्या चित्रफिती पसरल्या आणि २०२२ साली शहरोशहरी चोऱ्यांचा सुळसुळाट झाला. शेजारच्या कॅनडात त्याच कंपन्यांच्या गाड्या सुरक्षित राहिल्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या वस्तूचे मोल याहून स्पष्ट कोण सांगणार? तेव्हा चिपेची कटकट वाटली तरी तिच्याशी भांडू नये. ती आपलीच राखणदार आहे.

रिमोटची तऱ्हा वेगळी. तो आपल्याकडे बहुधा सेकंदाला त्रेचाळीस कोटींहून अधिक आंदोलनांच्या रेडिओलहरींवर बोलतो आणि प्रत्येक वेळी नवा संकेत पाठवतो. ट्रस्टच्या पावतीपुस्तकाप्रमाणे हे चालते असे समजा. पावती क्रमांक ११२ जमा झाली की पुन्हा ११२ घेऊन कोणी आला तर खजिनदार त्यास उभे करणार नाहीत. ११३ येण्याऐवजी ११८ आली तर मधल्या पाच फुकट गेल्या असाव्यात असे समजून घेतील. एकदम ५,००० आली तर मात्र संशय घेतील. घरात लहान मूल रिमोटशी खेळत बसले आणि शेकडो वेळा बटण दाबले गेले की असेच होते: रिमोट फार पुढे निघून जातो व गाडी त्यास ओळखेनाशी होते. पुष्कळ गाड्यांत थोड्याशा जुळवणीने तो पुन्हा रांगेत येतो; नवी किल्ली घेण्याचे कारण नसते. या फिरत्या संकेताची 'कीलॉक' नावाची प्रसिद्ध पद्धत १९८० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली, १९९५ साली अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली आणि २००८ साली जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी ती फोडून दाखवली. कुलूप करणारा व कुलूप फोडणारा यांची शर्यत अशी अखंड चालू असते.

आता मुख्य प्रश्न: नवी किल्ली 'प्रोग्राम' करणे म्हणजे काय? नवे काही घडवायचे नसते. हजेरीपटावर एक नाव चढवायचे असते. कारागीर प्रथम कोऱ्या किल्लीचे पाते कापून घेतो. मग स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ, सोळा टोकांचे एक सॉकेट असते त्यास आपले यंत्र जोडतो. नाव चढवण्यास हेडमास्तरांची परवानगी हवी. ती परवानगी म्हणजे त्या विशिष्ट गाडीचा गुप्त अंक, ज्यास पिन म्हणतात. पिन स्वीकारला गेला की किल्ल्या एकामागून एक घालून फिरवल्या जातात, गाडी प्रत्येकीची नोंद घेते, दिवा विझतो, काम संपते. रिमोटची नोंद पुष्कळदा निराळी करावी लागते. प्रत्यक्ष काम थोड्या मिनिटांचे. वेळ जातो तो त्या गाडीस योग्य चिपेची किल्ली मागवण्यात. दोन गोष्टी मात्र लक्षात असाव्यात. गाडीची मोठी बॅटरी अशक्त असेल तर आधी ती भारित करून घ्यावी. नोंद चालू असता वीज ढासळली तर गाडीचा मेंदू अर्धवट अडकून बसण्याची भीती असते. आणि घरात असतील तेवढ्या सर्व किल्ल्या बरोबर न्याव्यात, कारण पुष्कळ गाड्यांत नवे नाव लिहिताना जुना पट पुसला जातो व त्या वेळी हजर असलेल्यांचीच नावे नव्याने लिहिली जातात. घरी कपाटात राहिलेली किल्ली दुसऱ्या दिवशी परकी झालेली असते.

एक किल्ली हातात असताना दुसरी करणे आणि एकही हातात नसताना पहिली करणे, या दोहोंत किती अंतर आहे ते एका कुटुंबाच्या उदाहरणाने सांगतो. आमच्या परिचयाच्या या घरातील वडील दिवाळीनंतर वारले. गाडी त्यांच्या नावावर, तीच ते चालवीत. दुसरी किल्ली काही वर्षांपूर्वीच हरवली होती. एकीवर भागते म्हणून कोणी मनावर घेतले नाही. आईला दर तिसऱ्या दिवशी डायलिसिससाठी न्यावे लागे; ते काम मुलाकडे आले. एका संध्याकाळी बोट क्लबवर खिशातून रुमाल काढताना किल्ली निसटली ती थेट बड्या तलावात. दुसऱ्या दिवशी मुलगा गाडीच्या कंपनीच्या केंद्रात गेला. तेथे त्यास सांगण्यात आले की पिन केवळ नोंदलेल्या मालकास देता येतो; मालकाने नोंदणीपुस्तक व ओळखपत्र घेऊन स्वतः यावे. मालक कोठून येणार? मुलगा आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, गाडी अंगणात उभी आहे, पैसेही भरायला तयार आहे, आणि आईला न्यायला रोज कोणाच्या तरी दारी जातोय." कागद पुरे होईपर्यंत तीन आठवड्यांहून अधिक काळ ती गाडी धूळ खात उभी राहिली. त्या काळात शेजारी धावले, ट्रस्टची गाडीही गेली. परंतु पहाटे पाचची वेळ चुकू नये म्हणून त्या माउलीने रात्र रात्र जागून काढली.

केंद्रातील माणसांस दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. मालक वारला असे सांगत येणाऱ्या कोणासही त्यांनी पिन देऊन टाकला तर इमोबिलायझरचा उपयोगच काय? अडचण कागदाची होती, आणि ती आधी दूर करता येण्याजोगी होती. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मालकाचा मृत्यू झाल्यास वारसाने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे. तसे कळवले म्हणजे ३ महिन्यांपर्यंत ती गाडी वापरता येते, व त्या मुदतीत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. शोकाच्या दिवसांत हे कोणास सुचत नाही, हे खरे. २०२१ साली नियमांत दुरुस्ती होऊन, बँकेच्या खात्याप्रमाणे गाडीच्या नोंदणीतही मालकाने हयातीत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. ती फार थोड्यांनी वापरलेली दिसते. घरातील वडील मंडळींपुढे हा विषय काढणे मुलांस जड वाटते. तेव्हा वडील मंडळींनीच तो काढावा.

दुसरी किल्ली असण्याचे आणखी एक कारण विम्याचे. गाडी चोरीस गेली तर विमा कंपनी दाव्याबरोबर दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एकच पुढे केली तर 'दुसरी कोठे?' हा प्रश्न निघतो, आणि 'हरवली' एवढ्या उत्तराने समाधान होत नाही. म्हणून किल्ली हरवताच पोलिसांत तशी नोंद करून तिची प्रत जपावी. नवी गाडी घेताना किल्ल्यांबरोबर एक लहानशी पट्टी मिळते, तिच्यावर पात्याचा क्रमांक असतो. ती कित्येकजण शोभेसाठी कडीतच अडकवून ठेवतात. किल्लीबरोबर तीही हरवावी, किंवा सापडणाऱ्यास फुकट मिळावी, याहून दुर्दैव कोणते? ती गाडीच्या कागदांबरोबर घरी ठेवावी.

काम कोणाकडून करून घ्यावे, कंपनीच्या केंद्रातून की चाबीवाल्याकडून, असे आम्हांस पुष्कळ जण विचारतात. आमच्या वर्गातून बाहेर पडलेला एक मुलगा वडिलांच्या फळीवर बसतो. वडील अजून कानशीने पाते घासतात. मुलाने कर्ज काढून चिपेचे यंत्र घेतले, ते शिकला, आणि आता कोलार रोडपासून बैरसिया रोडपर्यंत लोक त्यास बोलावतात. असे हात शहरात आहेत व त्यांस काम मिळावे असे आमचे मत आहे. तथापि एक खूण सांगून ठेवतो. जो कारागीर काम सुरू करण्यापूर्वी गाडीचे नोंदणीपुस्तक व तुमचे ओळखपत्र मागतो, त्याच्याकडे जावे. जो काहीच विचारत नाही, तो उद्या तुमची गाडी घेऊन आलेल्या दुसऱ्या कोणासही काही विचारणार नाही. शिवाय तो पटावर नवे नाव चढवणार आहे, की जुन्याच चिपेची नक्कल करून देणार आहे, हे स्पष्ट विचारून घ्यावे. नक्कल स्वस्त पडते, परंतु ती म्हणजे दुसऱ्याच्या नावाने दिलेली हजेरी. पुढे मूळ किल्ली हरवली आणि तिचे नाव पटावरून काढले, तर नकलेचेही नाव त्याच ओळीबरोबर जाते.

नाव काढून टाकण्याची गोष्ट आलीच आहे म्हणून सांगतो. किल्ली हरवल्यावर लोक नवी करतात व निर्धास्त होतात. हरवलेलीचे नाव पटावर तसेच राहते. ज्यास ती सापडेल त्याच्यासाठी गाडी आजही चालू होते. जुनी गाडी विकत घेणारांनी तर हे काम पहिल्याच आठवड्यात करावे, कारण आधीच्या मालकाने, त्याच्या चालकाने किंवा दलालाने कोणती किल्ली ठेवून घेतली हे देवच जाणे. नाव काढले तरी पाते दार उघडीत राहते, हेही ध्यानात असावे. तेव्हा हरवलेल्या किल्लीवर घरचा पत्ता लिहिलेला असेल तर दाराचे कुलूपही बदललेले बरे.

आपल्या रुग्णवाहिकेबद्दल कार्यकारी मंडळास आमची विनंती अशी: एक किल्ली चालकाजवळ, दुसरी कार्यालयाच्या कपाटात सहीच्या वहीसह, आणि तिसरी रात्रीच्या वेळी जवळ असलेल्या एखाद्या सभासदाच्या घरी असावी. दुसरी व तिसरी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष लावून पाहावी, म्हणजे ऐन वेळी घोटाळा होणार नाही.

शेवटी, किल्ली छिद्रात न घालता केवळ बटण दाबून चालू होणाऱ्या नव्या गाड्यांविषयी. त्यांची किल्ली खिशातूनच गाडीशी बोलते. म्हणून तिचा सेल संपला की मालकाची फार धांदल उडते, विशेषतः रात्री, रस्त्यात. घाबरण्याचे कारण नाही. खोक्याच्या कडेला एक लहान खटका असतो. तो सरकवला की आत दडवलेले धातूचे पाते बाहेर येते, त्याने दार उघडावे. दाराच्या मुठीवर छिद्र दिसत नसेल तर ते बहुधा झाकणाखाली असते. आत बसल्यावर बहुतेक गाड्यांत किल्लीचे खोके चालू करण्याच्या बटणाला टेकवून धरावे व ब्रेक दाबून बटण दाबावे. काही गाड्यांत टेकवण्याची जागा निराळी असते, ती पुस्तिकेत पाहून ठेवावी. खोक्यातही तीच सेलाविना बोलणारी चिप असते. ती जागी होते आणि गाडी चालू होते.